आडरानातील विमानोड्डाण व जीवरक्षण

पक्की धावपट्टी, नियंत्रण मनोरा, इंधनसाठा व दुरुस्तीची सोय यांपासून दूर असलेल्या विरळ वस्तीच्या प्रदेशावरून लहान विमानाने केलेले उड्डाण आणि तेथे अकल्पितपणे उतरावे लागल्यास मदत येईपर्यंत प्राण राखण्याची विद्या, या दोहोंचा समावेश या विषयात होतो. लहान विमान म्हणजे येथे एक वा दोन एंजिनांचे, पंख्याच्या योगाने चालणारे व मोजकी माणसे वाहून नेणारे विमान अभिप्रेत आहे. वाळवंट, हिमप्रदेश, घनदाट अरण्य व उंच पर्वतराजी ही आडरानाची रूढ उदाहरणे होत. तथापि वैमानिकाच्या दृष्टीने आडरान केवळ वस्तीपासूनच्या अंतरावर ठरत नाही. उतरलेल्या विमानाचा ठावठिकाणा जेथे कोणास माहीत नसतो आणि जेथे मदत वेळेत पोहोचत नाही, ते सर्व आडरानच होय. या अर्थाने पावसाळ्यात ओढ्यानाल्यांनी तुटलेले वऱ्हाडातील शिवारही काही काळ आडरान ठरते. या विषयाचा सु. शंभर वर्षांचा इतिहास पाहता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते : अनेक वैमानिक जमिनीवर जिवंत उतरले आणि वेळेत न सापडल्याने मरण पावले. आजची शोध व सुटका यांची व्यवस्था अशा मृत्यूंपासून घेतलेल्या धड्यांतून उभी राहिली आहे.

प्रारंभकाळ : पहिल्या महायुद्धानंतर सैन्याला नको असलेली विमाने स्वस्तात उपलब्ध झाली आणि युद्धातून परतलेले वैमानिक कामाच्या शोधात होते. जेथे रस्ते व लोहमार्ग नव्हते, तेथे टपाल, औषधे, खाणकामगार व यंत्रसामग्री नेण्यासाठी या विमानांचा उपयोग होऊ लागला. अलास्कात कार्ल बेन आयेल्सन यांनी १९२४ मध्ये फेअरबँक्स ते मॅग्राथ हे टपाल-उड्डाण केले. कुत्र्यांच्या घसरगाड्यांना अनेक दिवस लागणारे अंतर त्यामुळे काही तासांवर आले. ऑस्ट्रेलियात मे १९२८ मध्ये क्लोनकरी येथून विमानाने रुग्णसेवा देण्यास आरंभ झाला. न्यू गिनीत सोन्याच्या खाणींकडे जाणारी सामग्री विमानांनी वाहून नेली जाऊ लागली. या उड्डाणांसाठी विमानांत आवश्यक ते फेरफार करण्यात आले. बर्फावर उतरण्यासाठी चाकांच्या जागी घसरपट्ट्या, पाण्यावर उतरण्यासाठी तरंडे, तर वाळू व दगडगोटे असलेल्या नदीकाठासाठी रुंद व कमी हवेची चाके बसविण्यात येऊ लागली.

जीवरक्षणाची शिस्त मात्र विमानांच्या प्रगतीच्या मानाने मागे राहिली. आयेल्सन हे स्वतः नोव्हेंबर १९२९ मध्ये सायबीरियाच्या किनाऱ्याजवळ हिमवादळात सापडून मरण पावले. त्यांचे विमान सापडण्यास सु. अडीच महिने लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ यांच्या बेपत्ता विमानाच्या शोधास निघालेले कीथ अँडरसन व बॉब हिचकॉक यांना एंजिनातील बिघाडामुळे टॅनामी वाळवंटात उतरावे लागले. विमानात रेडिओ नव्हता, होकायंत्र विश्वासार्ह नव्हते आणि पाणी अत्यल्प होते. पुन्हा उड्डाण करण्यासाठी झुडपे तोडून धावपट्टी तयार करण्याच्या श्रमात त्यांचे उरलेसुरले पाणी संपले व दोघेही तहानेने मरण पावले. ज्यांच्या शोधार्थ ते निघाले होते, ते स्मिथ व त्यांचे सहकारी जिवंत सापडले.

जमिनीवर उतरल्यावर विमानाजवळ थांबावे की चालत निघावे, हा प्रश्न या काळापासूनच वादाचा आहे. जून १९३० मध्ये फ्रेंच टपाल-वैमानिक आंरी गीयोमे हे अँडीज पर्वतात हिमवादळामुळे उतरले आणि अनेक दिवस बर्फातून चालत जाऊन वाचले. डिसेंबर १९३५ मध्ये लिबियाच्या वाळवंटात कोसळलेले आंत्वान द सँतेग्झ्यूपेरी व त्यांचा यंत्रज्ञ हे तहानेने मरणाच्या दारी पोहोचले असता एका बदाऊनी त्यांस पाणी देऊन वाचविले. उलट, एप्रिल १९३३ मध्ये सहारा वाळवंटात उतरलेले ब्रिटिश वैमानिक बिल लँकेस्टर हे विमानाजवळच थांबले. सु. आठ दिवस ते जिवंत होते व दैनंदिनी लिहीत होते. पण ते नेहमीच्या मार्गापासून बाजूला पडले असल्याने शोध करणाऱ्यांना सापडले नाहीत. त्यांचा देह व ती दैनंदिनी फ्रेंच गस्ती तुकडीस १९६२ मध्ये मिळाली. या घटनांवरून असे दिसते की, विमानाजवळ थांबण्याचा नियम योग्य असला, तरी तो एका अटीवर अवलंबून आहे : विमान ज्या भागात आहे त्याच भागात शोध चालू असला पाहिजे. मार्ग आधी कळविणे व कळविलेला मार्ग न सोडणे यांस जीवरक्षणात अग्रस्थान मिळाले, ते यामुळेच.

भारतातील आरंभ : भारतात मुलकी उड्डाणशिक्षणास १९२८ पासून संघटित स्वरूप आले आणि मुंबईत जुहू येथे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. तेथे शिकलेले जे. आर. डी. टाटा (१९०४–९३) यांना १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने व एका महिन्याच्या आत उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ठेवलेल्या पारितोषिकाची स्पर्धा १९३० मध्ये झाली. ती अ‍ॅस्पी इंजिनिअर या तरुणाने जिंकली. हेच पुढे भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. या स्पर्धेत ईजिप्तमधील अबूकीर येथे टाटा व इंजिनिअर यांची गाठ पडली. इंजिनिअर यांच्या विमानाच्या एंजिनाचे ठिणगी-प्लग निकामी झाले होते व त्यांच्याजवळ जादा प्लग नव्हते. प्रतिस्पर्धी असूनही टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांस दिले आणि इंजिनिअर यांनी आपले तरंगजाकीट टाटांना दिले. जादा सुटे भाग व पाण्यावर तरंगण्याचे साधन या दोन्ही गोष्टी त्या काळी प्रत्येक वैमानिकाजवळ असतच असे नाही, हेही या प्रसंगावरून दिसते.

टाटा यांची टपाल-विमानसेवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाली. टाटांनी पस मॉथ जातीचे एक एंजिनाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू येथे आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. दोन लहान विमाने, मोजके वैमानिक व यंत्रज्ञ एवढ्याच सामग्रीवर ही सेवा चालत असे. विमानात रेडिओ नव्हता व जमिनीवर दिशादर्शक साधने नव्हती. किनारा, लोहमार्ग, नद्या व डोंगर हाच नकाशा होता. अहमदाबाद येथे इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले जात. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रकाठची चिखलाची सपाटी होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून सर्व व्यवहार पुण्यास हलवावा लागे. अशा स्थितीतही पहिल्या वर्षात सु. १,६०,००० मैल उड्डाण झाले. या यशाचे रहस्य धाडसापेक्षा ऋतूचा आदर करण्यात होते. जी जमीन पावसाळ्यात वापरण्याजोगी नाही ती सोडून देणे, हा आडरानातील उड्डाणाचा मूलभूत नियम महाराष्ट्रात प्रथम या सेवेने आचरणात आणला.

युद्धकाल : दुसऱ्या महायुद्धात भारत हा पूर्वेकडील आघाडीचा तळ झाल्याने देशाच्या अंतर्भागातही अनेक धावपट्ट्या तयार झाल्या अथवा वाढविण्यात आल्या. विदर्भात नागपूरजवळील सोनेगाव, गोंदियाजवळील बिरसी व अकोल्याजवळील शिवणी ही त्यांची उदाहरणे होत. आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनकडे जाणाऱ्या हवाई मार्गावर विमाने फार मोठ्या संख्येने नष्ट झाली. या मार्गावर २ ऑगस्ट १९४३ रोजी एका मालवाहू विमानाचे एंजिन बिघडल्यामुळे त्यातील लोकांनी नागा टेकड्यांत हवाई छत्र्यांच्या साह्याने उड्या घेतल्या. २१ पैकी २० जण वाचले. त्यांत अमेरिकन वार्ताहर एरिक सेव्हराइड हे होते. जखमींच्या उपचारासाठी डॉन फ्लिकिंजर हे लष्करी डॉक्टर दोन साहाय्यकांसह हवाई छत्रीने तेथे उतरले. तेथील नागा ग्रामस्थांनी या लोकांना आसरा दिला आणि पुढे मोकोकचुंग येथून आलेल्या तुकडीबरोबर ते पायी बाहेर पडले. त्याच वर्षी चाबुआ येथे केवळ शोध व सुटका यांसाठी वेगळे पथक उभारण्यात आले. डॉक्टरने रुग्णाकडे आकाशातून जाणे, विमानातून अन्न व औषधे टाकणे आणि स्थानिक रहिवाशांना शोधकार्यात भागीदार मानणे या तीन पद्धती येथे रूढ झाल्या.

उष्ण प्रदेशातील जीवरक्षणाचा शास्त्रीय पायाही याच काळात घातला गेला. ई. एफ. अ‍ॅडॉल्फ व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील वाळवंटांत सैनिकांवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पाणी जपून थेंबथेंब पिल्याने शरीराची पाण्याची गरज कमी होत नाही. गरज कमी होते ती घाम कमी आल्याने, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होय. म्हणून जवळचे पाणी तहानेप्रमाणे प्यावे, दिवसा सावलीत निश्चल राहावे, अंगावरचे कपडे काढू नयेत आणि हालचाल रात्री वा पहाटे करावी, असे सांगितले जाते. विदर्भातील उन्हाळ्यास हे नियम जसेच्या तसे लागू पडतात.

युद्धोत्तर काळ : जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत व टपालाची अदलाबदल करून परत जात. डकोटा हे यात वापरले जाणारे विमान तुलनेने मोठे असले, तरी त्याचा मार्ग रात्रीच्या अंधारात बुडालेल्या, दिव्यांच्या खुणा नसलेल्या प्रदेशावरून जात असे. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून निघालेले असे एक विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले व त्यातील १४ पैकी १३ जण मृत्युमुखी पडले. विमानतळाच्या निकट असूनही अंधारातील अकल्पित अवतरण किती घातक ठरते, हे या अपघाताने दाखवून दिले.

पुढील दशकांत लहान विमानांचे कार्य विस्तारले. पिकांवर औषध फवारण्यासाठी हिंदुस्थान एअरोनॉटिक्स या संस्थेने बसंत हे विमान बनविले व त्याने १९७२ मध्ये उड्डाण केले. फवारणीत विमान पिकांच्या माथ्यावरून उडत असल्याने एंजिन बंद पडल्यास वैमानिकास विचार करण्यास क्षणांचाच अवधी मिळतो. कृत्रिम पावसाच्या प्रयोगांसाठी २०१५ व २०१९ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथून लहान विमाने ढगांत पाठविण्यात आली. वैमानिक-प्रशिक्षणाची केंद्रे बारामती, बिरसी इ. ठिकाणी सुरू झाली. बिरसी येथून उडालेले एक प्रशिक्षण-विमान १८ मार्च २०२३ रोजी शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ जंगलात कोसळले व त्यातील प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी या दोघांचाही अंत झाला.

साहसी उड्डाणांचीही एक परंपरा महाराष्ट्रात आढळते. टाटांनी १९६२ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या पद्धतीच्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची–मुंबई मार्गाची पुनरावृत्ती केली. मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये लंडनहून भारतापर्यंतचा प्रवास अतिलघू विमानाने केला. मुंबईच्याच आरोही पंडित यांनी मे २०१९ मध्ये हलक्या क्रीडा-विमानातून एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला. स्कॉटलंडमधील विक येथून आइसलँड व ग्रीनलंडमार्गे कॅनडातील इक्वालुइट येथे त्या पोहोचल्या. ग्रीनलंडच्या हिमस्तरावर किंवा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात एंजिन बंद पडल्यास थंडीपासून रक्षण करणारा पोशाख, तराफा व संकेतप्रेषक यांवाचून जगण्याचा काळ मिनिटांत मोजावा लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये टाटांच्या उड्डाणास ९० वर्षे झाली, तेव्हा त्यांनी भूज–अहमदाबाद–जुहू असे उड्डाण उपग्रहीय दिशादर्शनाशिवाय केले.

शोध व सुटका व्यवस्था : शिकागो येथे १९४४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये प्रत्येक सदस्य राष्ट्राने आपल्या हद्दीत विमानांच्या शोधाची व्यवस्था ठेवावी असे ठरले, यासंबंधीचे नियम १९५० मध्ये कराराच्या बाराव्या परिशिष्टात ग्रथित झाले. त्यांनुसार विमानाचा संपर्क तुटल्यावर अनिश्चितता, सावधता व संकट अशा तीन अवस्था क्रमाने जाहीर होतात. ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटांत संपर्क न झाल्यास पहिली अवस्था सुरू होते. हे घड्याळ चालू होण्यासाठी उड्डाणाची योजना आधी नोंदविलेली असावी लागते. न नोंदविलेल्या उड्डाणाची वाट कोणीही पाहत नाही. शोधविमानास दिसावे म्हणून जमिनीवर करावयाच्या खुणाही या परिशिष्टात आहेत. ‘व्ही’ या रोमन अक्षराचा अर्थ मदत हवी, ‘एक्स’ म्हणजे वैद्यकीय मदत हवी आणि बाण म्हणजे या दिशेने गेलो, असा होतो. ही अक्षरे कापड, दगड, फांद्या वा नांगरलेली माती यांनी, जमिनीच्या रंगाहून उठून दिसतील अशी व शक्य तितकी मोठी काढावीत. आरशाचा कवडसा दिवसा फार दूरवरून दिसतो.

केवळ डोळ्यांनी केलेला शोध अपुरा असतो, हे मार्च १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पर्वतात कोसळलेल्या एका कौटुंबिक विमानाने दाखविले. त्यातील दोघी सात आठवड्यांहून अधिक काळ जिवंत होत्या, असे त्यांच्या दैनंदिनीवरून पुढे उघड झाले. अवशेष त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सापडले. या घटनेने लोकमत क्षुब्ध झाले आणि १९७० मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लहान विमानांवर आपत्कालीन स्थाननिदर्शक प्रेषक बसविणे सक्तीचे करणारा कायदा झाला. आघाताने आपोआप चालू होणारे हे यंत्र प्रथम १२१·५ मेगॅहर्ट्झ कंप्रतेवर संदेश देत असे व तो ऐकण्यास जवळून जाणारे विमान लागे. अलास्का राज्याने विमानात प्रत्येकी आठवडाभराचे अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, मासेमारीची दोरी, सुरी, आगपेटी व डासजाळी बाळगणे कायद्याने बंधनकारक केले. हिवाळ्यात त्यांत हिमपादुका व झोपपिशवी यांची भर पडते.

उपग्रहांमुळे या क्षेत्रात मोठी क्रांती झाली. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व सोव्हिएट रशिया यांच्या सहकार्यातून कॉस्पास–सारसॅट ही योजना आकारास आली व तिचा पहिला उपग्रह ३० जून १९८२ रोजी सोडण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या एका लहान विमानातील तिघांची सुटका उपग्रहाने टिपलेल्या संदेशावरून झाली. ते विमान हरवलेल्या दुसऱ्या एका लहान विमानाच्या शोधात निघाले होते. भारत या योजनेत सहभागी असून बंगळूरू व लखनौ येथे तिची भूस्थानके आणि बंगळूरू येथे नियंत्रण केंद्र आहे. १२१·५ मेगॅहर्ट्झ संदेशांचे उपग्रहांद्वारे होणारे ग्रहण १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले आणि आता ४०६ मेगॅहर्ट्झ कंप्रतेचे प्रेषक वापरले जातात. त्यांच्या संदेशातून विमानाची ओळख पटते. तथापि आघातात आकाशक तुटणे, यंत्र जळणे किंवा चालूच न होणे या शक्यता राहतातच. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमला अरण्यात बेपत्ता झाले. प्रचंड प्रमाणावर हवाई शोध करूनही अवशेष सापडण्यास दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडावी लागली.

अकल्पित अवतरण, मानोरा परिसराचे उदाहरण : वर वर्णिलेले धडे दख्खनच्या पठारावर कसे लागू पडतात, हे पाहण्यासाठी वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याचा प्रदेश नमुन्यादाखल घेता येईल. मुंबई–नागपूर सरळ हवाई रेषेच्या काहीसा दक्षिणेस असलेला हा तालुका १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा होईपर्यंत अकोला जिल्ह्यात होता. अडाण व अरुणावती या पैनगंगेच्या खोऱ्यातील नद्या, सागाचे पानझडी जंगल असलेल्या बुटक्या टेकड्या, काळी जमीन, कापूस, तूर व सोयाबीन यांची शेते, बंजारा समाजाचे तांडे आणि पोहरादेवी हे त्या समाजाचे तीर्थक्षेत्र ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये होत. यवतमाळ, अकोला व अमरावती येथील धावपट्ट्या येथून सरळ रेषेत सु. ६० ते ८० किमी. अंतरावर आहेत.

एंजिन बंद पडलेले लहान विमान स्थूलमानाने उंचीच्या नऊपट अंतर तरंगत जाते. जमिनीपासून १,००० मी. उंचीवर असलेल्या वैमानिकास म्हणून सु. ९ किमी. पल्ला व चार ते पाच मिनिटांचा अवधी मिळतो. वरील धावपट्ट्यांपैकी एकही या पल्ल्यात येत नाही; शेतच निवडावे लागते. ही निवड ऋतूनुसार बदलते. पावसाळ्यात काळी जमीन चिकट व भुसभुशीत होते, चाके रुततात व विमान नाकावर उलटते. आश्विन-कार्तिकात उभ्या कपाशीत किंवा तुरीत उतरल्यास झाडे चाकांत व पंखांत अडकून विमान गरकन फिरते. सोयाबीन काढून झालेले शेत त्या मानाने चांगले. उन्हाळ्यात जमीन कठीण व मोकळी असते, पण शेतांमधील धुरे, पऱ्हाटीचे खुंट, भेगा, कठडा नसलेल्या विहिरी व शेततळी यांचा धोका असतो. विजेच्या तारा वरून सहसा दिसत नाहीत; खांबांच्या रांगेवरूनच त्या ओळखाव्या लागतात. सरीच्या दिशेने उतरणे हे सरी आडव्या कापत उतरण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर ठरते.

वाऱ्याची दिशा यात निर्णायक असते. हवेतील वेग ताशी ८० किमी. असलेले विमान ताशी १५ किमी. वाऱ्याच्या समोर उतरल्यास जमिनीला ताशी ६५ किमी. वेगाने टेकते, तर वारा पाठीशी असल्यास ९५ किमी. वेगाने. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुसऱ्या स्थितीत ती पहिलीच्या दुपटीहून अधिक होते. शेतातील धूर, तळ्यावरील तरंग व पिकांची लवण यांवरून वारा ओळखता येतो. उष्णतेचाही विचार करावा लागतो. समुद्रसपाटीपासून ४०० मी. उंचीच्या ठिकाणी तापमान ४३° से. असेल, तर हवा इतकी विरळ होते की, विमान सु. १,५०० मी. उंचीवर असल्याप्रमाणे वागते. उड्डाणास अधिक धाव लागते व चढ मंद होतो. उतरलेल्या शेतातून पुन्हा उडण्याचा प्रयत्न म्हणूनच अनेकदा पहिल्या अपघातापेक्षा घातक ठरतो.

अवतरणानंतरचा पहिला तास : सहारा किंवा टॅनामी येथे जीवरक्षणाचा प्रश्न दिवसांचा होता, मानोऱ्यासारख्या भागात तो बहुधा पहिल्या तासाचा असतो. हाकेच्या अंतरावर नसली, तरी वस्ती काही किमी. च्या आत असते आणि विमान पडल्याचा आवाज शिवारात ऐकू जातो. वैमानिकाने शक्य असल्यास टेकण्यापूर्वी इंधन व विद्युत् प्रवाह बंद करावा आणि आघाताने दार अडकू नये म्हणून ते किंचित उघडे ठेवावे. थांबताच सर्वांनी विमानापासून दूर व वाऱ्याच्या दिशेकडील बाजूस जावे. रक्तस्राव थांबविणे, पाठ वा मान दुखावलेल्यास न हलविणे, सावली करणे व प्रेषक चालू असल्याची खात्री करून घेणे ही त्यानंतरची कामे होत. आग लागलेली नसल्यास विमान सोडून जाऊ नये. रंगीत पंख हीच सर्वांत मोठी खूण असते. टेकड्यांतील जंगलात पडलेले विमान मात्र पानांखाली झाकले जाते. तेथे उघड्या खडकावर वा नाल्याच्या कोरड्या पात्रात खुणा कराव्यात. पावसाळ्यात नाल्याच्या पात्रात मुक्काम करू नये. वरच्या भागातील पावसाने त्याला अचानक पूर येतो. जंगली जनावरांपेक्षा उष्माघात, साप व आग्या मोहोळ यांचे भय अधिक असते.

प्रथम पोहोचणारा माणूस हा शेतकरी, गुराखी वा मजूर असतो. त्याच्या ज्ञानावर जखमींचे प्राण अवलंबून असतात. सांडलेल्या इंधनाजवळ विडी वा काडी न पेटविणे, गर्दीस दूर ठेवणे, जळत नसलेल्या विमानातील जखमीस ओढून न काढता आधार देणे, पोलीस पाटलास कळविणे आणि महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेस नेमके ठिकाण सांगणे, ही त्याची कामे होत. सुटकेसाठी आवश्यक तेवढे सोडून अवशेषांना हात लावू नये. अपघाताचे कारण शोधण्यास ते लागतात. सिंघानिया यांचा विक्रमी बलून नोव्हेंबर २००५ मध्ये मुंबईहून सु. २१ किमी. उंची गाठून सिन्नर तालुक्यातील पांचाळे गावाजवळ उतरला. आकाशातून येणारी वस्तू कोठे उतरेल हे आधी सांगता येत नाही आणि कोणतेही गाव अनपेक्षितपणे अवतरणस्थळ ठरू शकते, याचे हे उदाहरण होय.

विदर्भातील हवाई वाहतूक वाढत आहे. अमरावतीजवळील बेलोरा येथून एप्रिल २०२५ मध्ये नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. प्रशिक्षण-विमानांच्या फेऱ्यांमुळे लहान विमानांचा वावर ज्या शिवारांवर पूर्वी नव्हता तेथेही होऊ लागला आहे. उपग्रह, प्रेषक व भ्रमणध्वनी यांमुळे शोधाचा काळ घटला असला, तरी त्यांतील कोणतेही साधन वैमानिकाने आधी नोंदविलेल्या मार्गाची आणि जमिनीवरील जाणत्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. उड्डाणशिक्षणात ऋतूनुसार शेत ओळखण्याचा अभ्यास आणि धावपट्ट्यांच्या परिसरातील ग्रामपंचायतींना प्रथम साहाय्याची माहिती, या दोन गोष्टींना फारसा खर्च येत नाही; त्यांवाचून होणारी हानी मात्र भरून न येणारी असते.